आईबाबांना कॅनडात कायमचं आणायचंय? आधी माणसं मोजा, मग पगार

"आम्हा दोघांना असं किती लागतंय रे? दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी. त्यासाठी सरकारला एवढा पगार कशाला दाखवायचा?" आई सांगलीहून फोनवर विचारत होती. २०२३ चा ऑक्टोबर होता. इकडे मिसिसागात जेवणाच्या टेबलावर माझ्या आणि बायकोच्या तीन-तीन वर्षांच्या, कर खात्याकडून आलेल्या नोटीस ऑफ असेसमेंट पसरलेल्या, शेजारी पाळण्यात आठ महिन्यांचा धाकटा. आईबाबांसाठी अर्ज करायचं निमंत्रण येऊन चार दिवस झाले होते, आणि उत्पन्नाचा आमचा हिशेब जुळत नव्हता.

तो कसा जुळला ते पुढे येईलच. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला हेच प्रश्न विचारले, आणि बहुतेकांनी फार उशिरा विचारले. आईवडिलांना स्पॉन्सर करताना दाखवायचं उत्पन्न हे होऊन गेलेल्या वर्षांचं असतं. निमंत्रण हातात पडल्यावर त्यात एक डॉलरही नव्याने कमावता येत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, जे नुकतेच इथे आलेत आणि ज्यांना वाटतंय की हा विषय अजून लांब आहे.

आधी एवढं माहीत हवं

आईवडील किंवा आजी-आजोबांना कायमचा रहिवास, म्हणजे पीआर, मिळवून देण्याच्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमाला इथे सगळे पीजीपी म्हणतात. अर्ज इमिग्रेशन खात्याकडे, आयआरसीसीकडे जातो. तुम्ही अठरा वर्षं पूर्ण केलेले, कॅनडाचे नागरिक किंवा पीआर असलेले आणि कॅनडातच राहणारे हवेत. दिवाळखोरीतून अजून सुटका झालेली नसेल, तुरुंगात असाल किंवा अपंगत्वाखेरीज दुसऱ्या कारणाने सरकारी मदतीवर घर चालत असेल, तर स्पॉन्सर होता येत नाही.

हा अर्ज मनात आला की भरला, असं होत नाही. आधी 'इंटरेस्ट टू स्पॉन्सर' नावाचा इच्छा-फॉर्म असतो. त्या नावांतून सोडत काढून निमंत्रणं पाठवतात आणि निमंत्रण मिळालेल्यांनीच अर्ज करायचा. हा फॉर्म १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२० या तीन आठवड्यांत उघडा होता. २०२१ पासून २०२५ पर्यंत पाचही वर्षी निमंत्रणं त्याच यादीतल्या लोकांना गेली. २०२५ मध्ये २८ जुलैपासून १७,८६० निमंत्रणं पाठवली, तीही १०,००० पर्यंत अर्ज घेण्यासाठी. तेव्हा "पैसे भरा, तुमचं नाव यादीत घालून देतो" असं सांगणारा कुणी भेटला तर तिथूनच परत फिरा. २०२० च्या यादीत आज कुणालाही नाव घालता येत नाही.

यादीत असाल तर पुष्टी क्रमांक जपून ठेवा आणि तेव्हा दिलेला ईमेल पत्ता अजून चालू आहे ना ते बघा. आमच्या एका मित्राने जुन्या कॉलेजचा पत्ता दिला होता. तो वेळेत लक्षात आला आणि आयआरसीसीला कळवून त्याने बदलून घेतला.

पहिली पायरी: माणसं मोजा

लोक थेट पगाराकडे धावतात. पगाराआधी डोकी मोजायची, कारण किती उत्पन्न हवं हे कुटुंबाच्या आकारावर ठरतं आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

कागद घ्या आणि एकाखाली एक लिहा. तुम्ही स्वतः. नवरा किंवा बायको, किंवा कॉमन-लॉ जोडीदार. तुमची अवलंबून असलेली मुलं आणि जोडीदाराचीही. ज्यांना बोलवायचंय ते आईवडील. त्यांच्यावर अवलंबून असलेलं तुमचं एखादं लहान भावंड, म्हणजे साधारणपणे बावीस वर्षांखालचं आणि बिनलग्नाचं. आणि शेवटी, तुम्ही किंवा सहस्वाक्षरी करणाऱ्या, म्हणजे अर्जावर तुमच्यासोबत सही करणाऱ्या, जोडीदाराने आधी कुणाला स्पॉन्सर केलं असेल आणि त्यांचा खर्च उचलायच्या हमीची मुदत अजून संपली नसेल, तर तीही माणसं.

यातली मेख अशी की काही माणसं येणार नसली तरी मोजावी लागतात. समजा आईला यायचंय, पण बाबांना गावची शेती सोडवत नाही. तरी बाबा मोजायचे. धाकटी बहीण पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तिला यायचंच नाही. अवलंबून असेल तर तीही मोजायची. आईवडील वेगळे राहतात पण घटस्फोट झालेला नाही, तरीही दोघं मोजायचे. घटस्फोट झाला असेल आणि दोघांनाही आणायचं असेल, तर दोघांचे दोन वेगळे अर्ज लागतात.

सासू-सासऱ्यांचा प्रश्न नेहमी येतो. जावयाला किंवा सुनेला सासू-सासऱ्यांचं मुख्य स्पॉन्सर होता येत नाही. त्यांच्या मुलीने किंवा मुलाने अर्ज करायचा आणि तुम्ही सहस्वाक्षरी करायची. दोन्हीकडचे आणायचे असतील तर पहिल्या बाजूचे आईवडील दुसऱ्या अर्जात मोजले जातात. तुम्ही दोघं, एक मूल, तुमचे आईवडील, बायकोचे आईवडील: सात माणसं झाली. सातचा आकडा खाली बघाल तेव्हा कळेल की कुणाला आधी बोलवायचं हे घरात बसून आधीच ठरवायला हवं. आमच्या घरी ते ठरवताना दोन आठवडे लागले. त्यात कुणाचंच चुकत नव्हतं.

अर्जाच्या दिवशी घरात जेवढी माणसं असतील तो आकडा तिन्ही वर्षांना लावून बघा. २०२२ मध्ये मूल जन्मलंच नव्हतं, मग त्या वर्षाला एक माणूस कमी धरू, अशी सूट स्वतःला देऊ नका. आम्ही इथेच अडकलो होतो. यादीत नाव घातलं तेव्हा आम्ही तिघं होतो, आईबाबा धरून पाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये धाकटा झाला आणि आम्ही सहा झालो.

दुसरी पायरी: आपला आकडा शोधा

स्टॅटिस्टिक्स कॅनडा दरवर्षी कमी उत्पन्नाची एक रेषा काढतं. तिला लो इन्कम कट-ऑफ म्हणतात, बोलताना सगळे लायको म्हणतात. पीजीपीसाठी त्या रेषेच्या वर ३० टक्के जास्त उत्पन्न हवं, आणि ते लागोपाठ तीन करवर्षांत, प्रत्येक वर्षी. हा नियम जानेवारी २०१४ पासूनचा आहे. उदाहरण सांगतो: चार माणसांची रेषा ५४,५९४ डॉलर. तिला १.३ ने गुणलं की ७०,९७२. चार माणसांच्या कुटुंबाला २०२४ या करवर्षासाठी हाच आकडा लागला.

२०२५ च्या फेरीत निमंत्रण मिळालेल्यांना २०२२, २०२३ आणि २०२४ ही तीन वर्षं दाखवायची होती. कॅनेडियन डॉलरमधले आकडे याच क्रमाने देतो:

दोन माणसं: ४३,०८२, ४४,५३०, ४७,५४९
तीन माणसं: ५२,९६५, ५४,७४३, ५८,४५६
चार माणसं: ६४,३०६, ६६,४६६, ७०,९७२
पाच माणसं: ७२,९३५, ७५,३८४, ८०,४९६
सहा माणसं: ८२,२५९, ८५,०२०, ९०,७८४
सात माणसं: ९१,५८२, ९४,६५८, १,०१,०७५
पुढच्या प्रत्येक माणसामागे: ९,३२४, ९,६३६, १०,२९१

प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. पाच माणसांसाठी दोन वर्षांत साडेसात हजारांनी वाढ आहे. पगार तेवढाच राहिला तर गेल्या वर्षी पास झालेलं घर पुढच्या वर्षी नापास होऊ शकतं. तुमच्या फेरीची वर्षं वेगळी असतील, तेव्हा निमंत्रण येईल त्या वर्षीचा तक्ता आयआरसीसीच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

तीन वर्षांची सरासरी काढत नाहीत. दोन वर्षं दीड लाख आणि एक वर्ष हजार डॉलर कमी, तरी अर्ज बसत नाही. शिवाय हा आकडा शहरागणिक बदलत नाही. पाच लाखांहून मोठ्या शहराची रेषा सगळ्यांना लावतात, मग तुम्ही टोरोंटोत राहा नाहीतर सस्कॅचेवानमधल्या एखाद्या गावात. लहान गावात घरभाडं कमी असतं पण पगारही कमी असतो, त्या लोकांवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

क्यूबेकमध्ये राहत असाल तर हा तक्ता तुमच्यासाठी नाही. तिथलं सरकार उत्पन्न स्वतःच्या नियमांनी तपासतं आणि हमीही वेगळी घेतं.

तिसरी पायरी: ओळ १५००० उघडा

पगाराच्या पावत्या, बँकेतली शिल्लक, सांगलीतला प्लॉट, मुदत ठेवी यांतलं काहीही इथे चालत नाही. बाबांची पेन्शनही नाही. चालतं ते एकच: कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीने, म्हणजे सीआरएने, तुमचं विवरणपत्र तपासून पाठवलेल्या नोटीस ऑफ असेसमेंटमधला ओळ १५००० वरचा आकडा. २०१९ च्या आधीच्या विवरणपत्रांत हीच ओळ १५० क्रमांकाची होती. सीआरएच्या 'माय अकाउंट'मध्ये गेलं की सगळ्या वर्षांच्या नोटिसा तिथेच मिळतात.

ही ओळ म्हणजे एकूण उत्पन्न, वजावटींच्या आधीचं. त्यामुळे आरआरएसपीत, म्हणजे निवृत्तीच्या बचतखात्यात, पैसे टाकल्याने ही ओळ कमी होत नाही, ती वजावट पुढच्या ओळींत येते. आईबाबांसाठी म्हणून आरआरएसपी बंद करणारे दोघे मला भेटले. काहीच गरज नव्हती.

स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. टॅक्सी चालवता, घरपोच जेवण पोचवता, केटरिंगच्या ऑर्डरी घेता, तर ओळ १५००० मध्ये खर्च वजा जाता उरलेला नफा येतो. वर्षाला नव्वद हजारांचा गल्ला, आणि पेट्रोल, गाडी, फोन, घरातली एक खोली असे सगळे खर्च दाखवून नफा एकतीस हजार. कर वाचला, पण स्पॉन्सरशिपच्या हिशेबात तुमचं उत्पन्न एकतीस हजारच. स्वतःची कंपनी असेल तर कंपनीत पडून राहिलेले पैसे तुमचे धरत नाहीत. पगार किंवा लाभांश म्हणून स्वतःच्या नावावर काढलेलेच धरतात. खरा खर्च लपवा असं मी मुळीच म्हणत नाही. आईवडिलांना आणायचा बेत आहे हे विवरणपत्र भरणाऱ्याला तीन वर्षं आधीच सांगून ठेवा, एवढंच.

ओळ १५००० मधूनही आयआरसीसी काही रकमा वजा करतं: प्रांताची सामाजिक मदत, प्रशिक्षणाचा भत्ता, कॅनडा चाइल्ड बेनिफिट, वृद्धांना मिळणारा गॅरंटीड इन्कम सप्लिमेंट आणि नोकरी गेल्यावर मिळणारा नेहमीचा ईआय, म्हणजे बेरोजगारी विम्याचा भत्ता. पण ईआयमधलेच बाळंतपणाचे, बालसंगोपनाचे आणि आजारपणाचे लाभ धरले जातात. बाळंतपणाची रजा घेतली म्हणून ते वर्ष वाया गेलं असं समजू नका. रक्कम पगारापेक्षा कमी असते, पण मोजली जाते. कोविडमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांना जादा ३० टक्के माफ होते आणि नेहमीचा ईआयही धरला होता. ती सवलत आता संपली.

भारतातल्या घराचं भाडं? तुम्ही कॅनडाचे करनिवासी असाल तर जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचंच असतं. दाखवलंत तर ते ओळ १५००० मध्ये येतं. दाखवलं नाहीत तर ते या हिशेबात नाही, आणि शिवाय सीआरएपुढे तुम्ही चुकलेले.

नव्याने आलेल्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. तुम्ही सप्टेंबरमध्ये उतरलात तर त्या वर्षीच्या विवरणपत्रात चार महिन्यांचा पगार असतो, पण आकडा मात्र अख्ख्या वर्षाचा लागतो. म्हणजे पहिलं वर्ष जवळजवळ नक्कीच वाया गेलं. त्यापुढची तीन पूर्ण वर्षं कामाची. कॉलेजात शिकत असताना आठवड्याचे मोजके तास काम केलेली वर्षंही अशीच जातात.

आमची तूट आणि तिची दुरुस्ती

आता त्या रात्रीकडे येतो. आमच्या फेरीसाठी २०२०, २०२१ आणि २०२२ ही वर्षं होती. सहा माणसांना अनुक्रमे ६१,६१३, ६२,८१४ आणि ८२,२५९ लागत होते. पहिली दोन वर्षं सहज बसली. मी ब्रॅम्प्टनमधल्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो, बायको डे-केअरमध्ये शिकवते. २०२२ चा दोघांचा ओळ १५००० चा आकडा होता ७७,९००. पाच माणसं असतो तर आरामात बसलो असतो. सहासाठी चार हजार तीनशे एकोणसाठ डॉलर कमी.

बायको नोटीस पुन्हा पुन्हा वाचत होती. मग म्हणाली, "अहो, जानेवारी-फेब्रुवारीत मी जुन्या डे-केअरला होते. त्यांची टी-फोर कुठाय यात?" टी-फोर म्हणजे मालकाने दिलेली वर्षाच्या पगाराची स्लिप. ती आमच्या जुन्या पत्त्यावर गेली होती. ज्यांच्याकडून आम्ही विवरणपत्र भरून घेतलं त्यांना तिने तेव्हाच सांगितलं होतं की दोन महिन्यांचा पगार राहिलाय. "एवढ्याशा रकमेने काही होत नाही, राहू दे, करही कमी बसेल," असं ऐकवून त्यांनी तसंच पाठवून दिलं होतं. आम्ही मान डोलावली, ही आमची चूक.

'माय अकाउंट'मध्ये ती स्लिप दिसत होती: ६,२०० डॉलर. त्याच रात्री तिथल्या 'चेंज माय रिटर्न'मधून दुरुस्ती टाकली. तीन आठवड्यांत नोटीस ऑफ रीअसेसमेंट आली, राहिलेला कर आणि व्याज भरलं. आकडा झाला ८४,१००. एक हजार आठशे एक्केचाळीस डॉलरांनी आम्ही रेषेच्या वर होतो.

म्हणून सांगतो, दरवर्षी विवरणपत्र पाठवण्याआधी 'माय अकाउंट'मधल्या सगळ्या स्लिपा एकेक करून जुळवून बघा. नोकरी बदलली असेल त्या वर्षी तर दोनदा. जे खरंच कमावलंय आणि दाखवायचं राहिलंय, ते दुरुस्त करता येतं. जे कमावलेलं नाही ते मागच्या तारखेने फुगवून दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. कागद खोटे निघाले तर अर्ज तर जातोच, शिवाय पुढची पाच वर्षं कॅनडात प्रवेश बंद होऊ शकतो.

चौथी पायरी: जोडीदाराची सही

एकट्याचं उत्पन्न पुरत नसेल तर नवरा किंवा बायको सहस्वाक्षरी करू शकते आणि दोघांचे ओळ १५००० चे आकडे एकत्र होतात. कॉमन-लॉ जोडीदारालाही हे करता येतं, पण किमान एक वर्ष एकत्र राहिलेले असायला हवेत.

भाऊ-बहीण ही सही करू शकत नाहीत. आपल्याकडे सगळ्यांना हे पटायला जड जातं. दोन भाऊ एकाच घरात राहतात, एकाच स्वयंपाकघरात जेवतात, आईबाबा दोघांचे, तरी दोघांचा पगार जोडता येत नाही. ज्या भावाचं आणि वहिनीचं मिळून उत्पन्न बसतं आणि ज्याच्या घरात माणसं कमी आहेत, त्याने अर्ज करावा. घरखर्च मागाहून कसा वाटायचा तो तुमचा आपापसातला प्रश्न.

सहस्वाक्षरी करणाराही हमीला तेवढाच बांधील असतो. पुढे घटस्फोट झाला तरी सुटका नाही. बायकोला नुसतं "इथे सही कर" म्हणू नका. समोर बसून सगळं वाचून दाखवा.

पाचवी पायरी: वीस वर्षांची हमी वाचा

क्यूबेकबाहेर ही हमी आईवडील पीआर झाल्याच्या दिवसापासून वीस वर्षांची असते. क्यूबेकमध्ये दहा. अन्न, कपडे, निवारा यांची जबाबदारी तुमची, आणि दात, डोळे यांसारखे सरकारी आरोग्यसेवेत न येणारे खर्चही तुमचे. त्या काळात आईवडिलांनी प्रांताची सामाजिक मदत घेतली तर ती रक्कम तुमच्या नावावर कर्ज म्हणून चढते. नोकरी गेली, घर विकलं, दुसऱ्या प्रांतात गेलात, आईबाबांना नागरिकत्व मिळालं, तरी हमी चालूच राहते.

माझं वय तेव्हा एकोणचाळीस होतं. हमी संपेल तेव्हा मी साठीच्या आसपास असेन. मी आणि बायकोने त्या आठवड्यात आयुर्विमा वाढवून घेतला. नियमात तसं काही नाही, आम्हाला गरज वाटली.

सहावी पायरी: निमंत्रण आल्यावरचे दोन महिने

निमंत्रणानंतर साधारण साठ दिवस हातात असतात. अर्ज पीआर पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. उत्पन्नासाठी महत्त्वाचा फॉर्म आयएमएम ५७६८, आणि स्पॉन्सरशिप व हमीसाठी आयएमएम १३४४. आयएमएम ५७६८ मध्ये सीआरएकडून तुमची माहिती परस्पर घेण्याची परवानगी आयआरसीसीला देता येते. मी परवानगी दिली आणि नोटिसाही जोडल्या.

महाराष्ट्रातल्या लोकांचा वेळ पैशांच्या कागदांपेक्षा नावांच्या कागदांत जास्त जातो. माझ्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नव्हतं, नुसतं 'मुलगा'. त्यावर आईचं माहेरचं हाक मारायचं नाव. पासपोर्टवर तिचं सासरचं बदललेलं नाव, मध्ये बाबांचं. म्हणजे नुसत्या कागदांवरून ही बाई माझी आई आहे हे कुणालाच कळलं नसतं. हे सोडवायला तीन गोष्टी लागल्या: महानगरपालिकेत जन्मनोंदीत माझं नाव घालून घेतलेला नवा दाखला, दोघांच्या लग्नाची नोंदणी आणि आईच्या दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र. आईबाबांचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं. जुनी लग्नपत्रिका आणि फोटो काढून मामा साक्षीला गेले, तेव्हा प्रमाणपत्र मिळालं. शाळा सोडल्याचा दाखलाही काढून ठेवा, जोडपुरावा म्हणून उपयोगी पडतो. जो कागद फक्त मराठीत आहे त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह आणि मूळ कागदाच्या प्रतीबरोबर द्यायचं.

ही कामं निमंत्रणाची वाट न बघता पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हाच उरका. साठ दिवसांत सांगलीची कचेरी आणि मिसिसागाची कचेरी दोन्ही सांभाळणं मी केलंय, कुणावर ती वेळ येऊ नये.

आईबाबांना पुढे बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. त्यासाठी मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत. पोलीस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. वैद्यकीय तपासणी आयआरसीसीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करायची. आईवडिलांच्या बाबतीत सरकारी आरोग्यसेवेवर फार मोठा बोजा पडेल असा आजार निघाला तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, या नियमातून पती-पत्नी आणि मुलांना सूट आहे, आईवडिलांना नाही. बाबांचं मधुमेहाचं औषध चालू होतं, आम्ही सगळे रिपोर्ट लपवाछपवी न करता दिले.

यादीत नाव नसेल तर: सुपर व्हिसा

२०२० मध्ये तुम्ही इथे नव्हतात, किंवा फॉर्म हुकला, तर आईवडिलांना जवळ आणायचा आजचा मार्ग सुपर व्हिसा आहे. तो दहा वर्षांपर्यंतचा आणि कितीही वेळा येण्या-जाण्याचा असतो. जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आधी दोनच होती. सोडत नाही, वर्षभर केव्हाही अर्ज करा.

उत्पन्नाची अटही सौम्य आहे. नुसती लायकोची रेषा, वर ३० टक्के नाहीत, आणि तीन वर्षांचा इतिहासही नाही. २०२५ च्या जुलैअखेरीस आलेल्या तक्त्याप्रमाणे चार माणसांना ५६,७२४, पाच जणांना ६४,३३६ आणि सहा जणांना ७२,५६० डॉलर. इथेही नवरा-बायकोचं उत्पन्न जोडता येतं. पीजीपीच्या रेषेत न बसणारी बरीच घरं यात बसतात.

खर्च वेगळीकडे आहे. किमान एक लाख डॉलर संरक्षणाचा, निदान एक वर्षाचा खाजगी आरोग्यविमा लागतो. आधी तो कॅनडातल्याच कंपनीचा चालत होता, जानेवारी २०२५ पासून इथल्या नियामकाने मान्यता दिलेल्या परदेशी कंपनीचाही चालतो. वय आणि आधीचे आजार यांवर हप्ता खूप बदलतो. पॉलिसी घेताना आधीपासूनच्या रक्तदाबाचं, साखरेचं काय, हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आमच्या शेजारच्या काकांना इथे आल्यावर छातीत दुखायला लागलं, तेव्हा घरच्यांनी पॉलिसीचं ते पान पहिल्यांदा वाचलं.

सुपर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना काम करता येत नाही आणि प्रांताचं आरोग्यकार्डही मिळत नाही. पण नातवंडांना आजी मिळते. आमच्या आईबाबांचा पीजीपीचा अर्ज चालू होता तेव्हा तेही सुपर व्हिसावर सात महिने राहून गेले. दोन्ही एकत्र चालतं.

अर्ज गेल्यावर उत्पन्न सोडू नका

अर्ज पाठवला की जबाबदारी संपली असं धरून नोकरी सोडणारे मी पाहिलेत. आईवडील पीआर होईपर्यंत तुम्ही रेषेच्या वर असायला हवं, आणि अर्जाला बारा महिने उलटले की आयआरसीसी ताज्या नोटिसा मागू शकतं. आम्हाला २०२५ च्या मे महिन्यात पत्र आलं. २०२३ साठी सहा जणांना ८५,०२० लागत होते आणि त्या वर्षी बायको जवळजवळ पूर्ण वेळ बाळंतपणाच्या रजेवर. तिचा ईआयचा भत्ता धरला गेला, आणि मी ते अख्खं वर्ष शनिवारची पाळी घेतली होती म्हणून निभावलं. २०२४ ला ९०,७८४. तोवर ती परत कामावर गेली होती.

दरवर्षी ३० एप्रिलच्या आत विवरणपत्र भरा. धंदा असलेल्यांना भरायला १५ जूनपर्यंत मुदत असते, पण कर ३० एप्रिललाच द्यायचा असतो. उशीर झाला तर नोटीस उशिरा येते, आणि पत्र नेमकं तेव्हाच येतं. अर्ज चालू असताना घरात मूल जन्मलं, लग्न झालं, पत्ता किंवा नोकरी बदलली तर लगेच कळवा, कारण माणसांचा आकडा बदलला की लागणारं उत्पन्नही बदलतं.

आईबाबा पीआर होऊन उतरले की पहिल्या आठवड्यात दोन कामं करायची: सोशल इन्शुरन्स नंबर आणि प्रांताचं आरोग्यकार्ड. ऑन्टारिओत ओहिपसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, आता तीन महिन्यांची वाट पाहावी लागत नाही. ब्रिटिश कोलंबियात आलेला महिना आणि त्यापुढचे दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्या दिवसांचा खाजगी विमा उतरण्याआधीच काढून ठेवा.